मोहाखालचा मुडदा आणि माझे व्याही

चहा निवू देऊ नका, पण कान इकडे असू द्या. मूर्खपणा करायला अक्कल लागत नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर तो समज काढून टाका. माझ्या हातून जो झाला, त्याला मी सहा महिने रोज डोकं लावलं होतं.

तुम्ही मला ओळखताच. आमगाव स्टेशनच्या रस्त्यावर चिंचेखाली माझी सतरंजी. अर्ज लिहिणं हा धंदा. सकाळी कुळाकडून मालगुजाराविरुद्ध, म्हणजे गावच्या जमीनदाराविरुद्ध, असा अर्ज लिहायचो की दगडाला घाम फुटावा. दुपारी त्याच अर्जाला मालगुजाराकडून उत्तर लिहायचो. वरचे साहेब म्हणे दोन्ही कागद वाचून बुचकळ्यात पडायचे, कारण दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटायच्या. आता याला कोणी दोन तोंडांचा म्हणत असेल तर म्हणो बापडे. मी याला कला म्हणतो.

आणि सालेकशाच्या जंगलात मला आडवा आलेला वाघ? तोही ऐकलाच असेल तुम्ही. सुरुवातीला तो सात हातांचा होता, आता नऊ हातांचा आहे. जनावर आहे, वाढणारच.

तर असल्या लेखणीच्या माणसाला एक दिवस वाटलं, अर्जच किती लिहायचे? कादंबरी लिहावी. खुनाची लिहावी. प्रांतात नुकत्याच निवडणुका झालेल्या, जो तो राजकारणावर बोलून राहिलेला. म्हणून खून असा घेतला की त्यात राजकारण आपोआप यावं. जंगल सत्याग्रहाचे दिवस. लोकांनी राखीव जंगलात शिरून गवत कापलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली रेंजरसाहेब मरून पडलेले. नाव ठेवलं 'मोहाखालचा मुडदा'. मारणारा कोण, सत्याग्रही की सरकारचाच माणूस? मला उत्तर ठाऊक होतं. सरकारचाच माणूस. माझा नायक चैतन्य मास्तर, खादीधारी, गवत कापता कापता गुन्हेगार पकडणारा.

दोन प्रकरणं झाली आणि घरात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं.

माझी मुलगी यमुना सालेकशाला द्यायची ठरली होती. मुलगा शाळेत मास्तर, घर चांगलं, धानाची शेती. मुलाचे वडील यादोरावजी, जंगल खात्यातून निवृत्त झालेले मोठे बाबू. तीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लेला माणूस. साक्षगंध झालं, पंगत उठली, आणि यादोरावजी लोडाला टेकले तर लोडाखाली त्यांना टोचली माझी वही.

त्यांनी चष्मा लावला. दोन्ही प्रकरणं वाचली. मी समोर उभा, पान लावत. शेवटी म्हणाले, "तसं नव्हे व्याही. प्रेत सापडलं आणि पंचनामा नाही? असं कसं चालेल?"

असं म्हणून त्यांनी माझीच दौत ओढली आणि तिथंच, माझ्या लोडावर, तिसरं प्रकरण लिहिलं. 'सदरहू प्रेत दक्षिणेस डोके करून पालथे मिळून आले, सबब पंच नेमले.' पुढे दोन पानं प्रेताच्या अंगावरच्या कपड्यांची यादी. मग वही मला देत म्हणाले की आपण दोघं मिळून लिहू, एक प्रकरण तुमचं, एक माझं, नावंही दोघांची.

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. अहो, तुम्हाला मुलगी आहे का? अक्षता पडेपर्यंत मुलीच्या बापाला 'नाही' हा शब्द वापरता येत नाही. ते म्हणतील दिवस, तर दिवस. ते म्हणतील पंचनामा, तर पंचनामा. मी मान डोलावली, आणि तिथून माझी वाताहत सुरू झाली.

वहीची ने-आण करायचा फागूजी. सालेकशाकडचा माणूस, बाजाराच्या दिवशी बांबूच्या टोपल्या घेऊन पॅसेंजरने आमगावला यायचा. येताना यादोरावजींचं प्रकरण आणायचा, जाताना माझं न्यायचा. बिचाऱ्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण यादोरावजी प्रत्येक प्रकरण आपल्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून मोठ्याने वाचायचे, त्यामुळे त्याला सगळं पाठ. टोपल्या खाली ठेवायच्या आधी मला विचारायचा, "आनखी कोनी मेला का जी?"

पण वही एकटी जात नसे. आमची मंडळी म्हणाली, "इवायाच्या घरी रिकाम्या हातानं कायले पाठवता? लोकं का म्हनतीन?" इवाई म्हणजे व्याही, आमच्याकडे असंच म्हणतात. तेव्हा प्रत्येक प्रकरणासोबत एक टोपली. पहिल्या खेपेला तिळाचे लाडू. दुसरीला शेवया. तिसरीला चिन्नोर तांदूळ आणि वर तुपाचं गाडगं. कादंबरीतलं रहस्य जसं घट्ट होत गेलं, तसं आमच्या वरणावरचं तूप पातळ होत गेलं.

आणि रहस्य तरी कसलं? मी चैतन्य मास्तरांच्या हाती पुरावा द्यावा, यादोरावजींनी पुढच्या प्रकरणात चैतन्य मास्तरांनाच अटक करावी. सहा महिने सक्तमजुरी. आता व्याह्याने दिलेली शिक्षा मी कशी रद्द करणार? ते तर सरळ अपमान केल्यासारखं. म्हणून मी मास्तरांना तुरुंगातच ठेवलं आणि तिथूनच तपास करायला लावला. डाळीच्या वाटीतून चिठ्ठ्या येतात, असं दाखवलं. मला वाटलं, फार झकास जमलं. पुढल्या बाजारी फागूजी उतरला तोच मान हलवत.

"तुमच्या मास्तराची बदली झाली जी. दुसऱ्या जेलात. तिथं डाळ नाई देत म्हन्ते."

मी एका मालगुजारावर संशय वळवला. यादोरावजींनी त्याला पटकीने मारला. मी एका फौजदारावर वळवला. त्याला बढती मिळून तो जबलपूरला गेला. मी ज्याच्याकडे बोट दाखवावं, तो सरकारी माणूस एक तर मरे नाहीतर मोठा होई. अकरा प्रकरणांत माझ्याकडे संशय घ्यायला एक बैल तेवढा उरला होता.

प्रत्येक प्रकरणाची चांगली प्रत यमुना काढायची. तिचं अक्षर मोत्यासारखं, माझं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही. पोरगी मुकाट्याने लिहायची. सासऱ्याची पानं आणि बापाची पानं, एकाच वहीत.

तेराव्या प्रकरणासोबत यादोरावजींचा निरोप आला. शेवटचं प्रकरण तुमचं. खुनी कोण ते तुम्ही ठरवा, तुम्हाला पूर्ण मोकळीक. फक्त सरकारी नोकर नको, मालगुजार नको, पोलीस नको.

म्हणजे उरलं कोण? सत्याग्रही. माझ्याच हाताने माझ्या मास्तरांना फासावर चढवा, असा त्याचा अर्थ.

त्या दिवशी माझं डोकं सटकलं. सहा महिने गोड हसून हसून माझे गाल दुखत होते. मनात म्हटलं, थांबा यादोरावजी. सरकारी नोकर नको ना? निवृत्त झालेला चालेल ना? नाव मी लिहीत नाही. पण असा माणूस उभा करतो की आख्ख्या छपरीने ओळखला पाहिजे.

आणि लिहिला. सांगतो कसा लिहिला, कारण असलं प्रकरण माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

खुनी म्हणजे गावातला एक प्रतिष्ठित इसम. एका खिशात गांधी टोपी, दुसऱ्या खिशात साहेबाला द्यायचा सलामीचा कागद. वारा बघून हात घालायचा. समोरचा सत्याग्रही असेल तर 'वंदे मातरम्', फौजदार असेल तर 'मायबाप सरकार'. खोटं बोलायच्या आधी मिशीचं टोक पिळायचं. 'नको नको' म्हणत सगळ्यात मोठा लाडू उचलायचा. दुसरा बोलायला लागला की डुलकी, आणि जाग आली की 'अगदी बरोबर'. जंगलातल्या गप्पा अशा की ऐकणाऱ्याला वाटावं, वाघ यालाच भिऊन राहतात. रेंजरने त्याचं असंच एक खोटं भर सभेत उघडं पाडलं होतं, म्हणून याने मोहाखाली त्याला गाठून काम तमाम केलं. सरकारपुढे नाव सत्याग्रहींचं घेतलं, सत्याग्रहींपुढे सरकारचं.

लाडूचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. साक्षगंधाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. सगळ्यात मोठा लाडू यादोरावजींनी उचलला म्हणून तर मला दुसऱ्या नंबरचा घ्यावा लागला.

यमुनाला प्रत काढायला दिलं. अर्ध्यावर गेल्यावर तिचा हात थांबला. डोळे लाल.

"बाबा, हे असंच पाठवायचं?"

"असंच."

"काटछाट नाई करायची? त्या घरी मले राहायचं आहे."

मी म्हटलं, साहित्यात काटछाट नसते. पोरीने डोळे पुसले आणि उरलेलं उतरवलं. फागूजी वही आणि करंज्यांची टोपली घेऊन दुपारच्या पॅसेंजरने गेला. मी चिंचेखाली बसून एका कुळाचा अर्ज लिहीत होतो आणि आपल्याशीच हसत होतो.

हसू किती टिकलं? गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत. शिट्टी वाजली आणि मी उठून उभा राहिलो. हा मी काय करून बसलो? लग्नाला तीन आठवडे. मांडवाचे बांबू सांगून झालेले. ज्या माणसाच्या घरी पोरगी द्यायची, त्याला मी खुनी केला, आणि तो ते आपल्याच तोंडाने गावाला वाचून दाखवणार. सोयरीक मोडली तर यमुनाला दुसरीकडे कोण विचारेल? 'हिच्या सासऱ्याने खून केला होता म्हणून मोडलं' असं सांगत फिरू का मी?

अर्ज तसाच टाकला. कुळाला म्हटलं, तुझा मालगुजार कुठे पळून जात नाही, उद्या ये. घरी धावलो. त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची धरायची ठरवली. मंडळी सकाळी वाटेत उभी. तिने हातात टोपली दिली. अनारसे. म्हटलं, अगं, सोयरीक मोडायची वेळ आली आहे. तर म्हणाली की मोडायची असली तरी रिकाम्या हातानं मोडू नका.

सालेकसा स्टेशनवरून यादोरावजींच्या घरापर्यंत मी पळत गेलो. नऊ हातांच्या वाघासमोरही मी इतका पळालो नव्हतो. वाटेत दोनदा अनारसे सांडले, दोनदा फुंकून भरले. मनात एकच, अजून वाचलं नसेल तर वही मागून घेऊ. शाईचा डाग पडला म्हणू, पानं उलटी लागली म्हणू, काहीही म्हणू.

छपरीत पंधरा माणसं बसलेली. मधोमध यादोरावजी, नाकावर चष्मा, हातात वही. खांबाशी फागूजी. शेजारी गावचे पाटील. माझा होणारा जावई कोपऱ्यात मान खाली घालून. दाराच्या आत विहीणबाईंचा पदर दिसत होता.

यादोरावजींनी मला हाताने बसा म्हणून खुणावलं आणि वाचन चालू ठेवलं. ते खिशांपाशी पोचले होते.

मी बसलो कसला, जमिनीत शिरलो. दोन खिशांचं झालं. मिशीचं टोक आलं. तिथं कोणीतरी खाकरलं. लाडू आला. पाटलांनी तोंडावर उपरणं धरलं. मी डोळे मिटून घेतले. वाघाचं वाक्य वाचून यादोरावजी थांबले. मी हळूच एक डोळा उघडला.

पंधराच्या पंधरा माणसं माझ्याकडे पाहत होती.

मला वाटलं, आता उठतील आणि धरतील. तेवढ्यात फागूजी अगदी भोळेपणाने म्हणाला, "अजी, हे तं आमगावचे अर्जीवालेच आहेत नं."

"हो नं," पाटील म्हणाले. "वाघ तं मी यायच्या तोंडून ऐकला आहे. सात हातांचा होता तवा."

मला काही कळेना. मी यादोरावजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता. डोळे पाणावलेले.

"व्याही," ते म्हणाले, "तीस वर्षं सरकारी नोकरी केली. कबुलीजबाब किती पाहिले, मोजदाद नाही. पण कोणी दम न देता, मारहाण न करता, माणसाने आपल्या हाताने स्वतःबद्दल एवढं खरं लिहिलं, हे आजच पाहिलं. मी तुम्हाला दोन तोंडांचा माणूस समजत होतो. मला माफ करा."

बाप्पा. म्हणजे या गृहस्थाला आपण त्यात आहोत याचा पत्ताच नाही. उलट माफी मागून राहिला. 'मी नव्हे, तुम्ही' असे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. खोटं कशाला सांगू, मिशीकडेही हात गेला होता.

पण आतून विहीणबाईंचा आवाज आला. नवऱ्याशी बोलत होत्या, पण ऐकू मला यावं अशा बेताने. "हे सारं खरं असन तं अशा मानसाची पोरगी कायले करायची? पोरीत बी हेच उतरलं असन तं?"

जावयाची मान आणखी खाली. पाटील म्हणाले, "बोला जी अर्जीवाले. खरंच तुमीच नं हे? का दुसऱ्या कोनाचं लिवलं?"

बघा कसा फास आहे तो. नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न 'मग कोण', आणि लग्न तिथंच मोडलं. हो म्हटलं, तर मी दुटप्पी, खोटारडा, लाडूखाऊ आणि वर खुनी, आणि लग्न तरीही मोडायच्याच बेतात. आयुष्यभर मी दोन्ही बाजूंचे अर्ज लिहिले, पण दोन्ही बाजूंनी हरणारा अर्ज पहिल्यांदाच समोर आला.

मी मिशीवरचा हात खाली घेतला.

"मीच आहे जी," म्हटलं. "खून तेवढा सोडून बाकी सारा मीच. पण पोरगी माझ्यासारखी नाही. हे सगळं तिने आपल्या हाताने उतरवलं आहे. तिच्या जागी मी असतो तर निम्मं गाळलं असतं. तिने एक अक्षर गाळलं नाही."

मग पदर मागे सरला आणि विहीणबाई म्हणाल्या की अनारसे आणले आहेत तर पाहुण्याला आधी पाणी तरी द्या. पाण्यामागून चहा आला, चहामागून जेवणाचा आग्रह झाला. जावयाने मान वर केली. मी पंगतीला बसलो, आणि लाडू आला तेव्हा सगळी छपरी माझ्या हाताकडे बघायला लागली. मी सगळ्यात लहान उचलला. शेजारी यादोरावजींनी नको नको म्हणत सगळ्यात मोठा उचलला आणि कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. सांगा, याला काय म्हणावं?

संध्याकाळच्या गाडीने परतलो तो तरंगतच. लग्न शाबूत होतं. शिवाय असा विनोद पदरात पडला होता की पुढची वीस वर्षं चहाची सोय झाली. घरात शिरताच मंडळीला आणि यमुनाला समोर बसवलं आणि रंगवून रंगवून सांगायला लागलो. खिसे, मिशी, लाडू, वाघ, सगळं. सांगता सांगता माझं मलाच हसू आवरेना.

"आणि गंमत ऐका," मी म्हटलं, "ती आख्खी छपरी, पाटलासकट, फागूजीसकट, खुद्द इवायासकट, सगळ्यांना वाटलं तो मीच."

कोणी हसलं नाही. यमुना पाणी आणायला म्हणून आत निघून गेली.

मंडळी माझ्याकडे पाहत राहिली. थट्टा नाही, टोमणा नाही, खरोखरच न कळल्यासारखी. मग म्हणाली,

"मंग कोन होता थो?"